आधी शिक्के वाच

पोरी, ‘टू मेनी हॉप्स’ किंवा ‘हॉप काउंट एक्सीडेड’ असं लिहून एखादी मेल परत आली, की मर्यादेचा आकडा वाढवायचा मोह होतो. २५ आहे तर ५० करू, ५० आहे तर १०० करू. आधी तसं करू नकोस. मेल ज्या कारणाने फिरत होती ते कारण तिथंच राहतं. मेल आणखी दुप्पट फिरते आणि मग परत येते, एवढाच काय तो फरक. ज्याने ती पाठवली त्याला आपलं काम अडलंय हे तेवढंच उशिरा कळतं.

मी हे काम सेंडमेल चालवणाऱ्या एका वरिष्ठांच्या हाताखाली शिकलो. मेल पोहोचली नाही अशी कुठलीही तक्रार घेऊन गेलं की सर विचारायचे, “शिक्के वाचलेस?” वाचले नसतील तर पुढे बोलायचे नाहीत. सर्व्हर बदलले, सेटिंगची नावं बदलली, निम्म्या मेल आता क्लाउडवर गेल्या. पण तो प्रश्न आजही तसाच लागू आहे, म्हणून तुला देतो.

शिक्का म्हणजे हेडरमधली ‘रिसीव्ह्ड’ ही ओळ. पूर्वी पत्र ज्या टपालकचेरीतून जाई तिथला शिक्का त्याच्यावर बसे, तसंच हे आहे. मेल स्वीकारणारा प्रत्येक सर्व्हर आपली एक ओळ हेडरच्या डोक्यावर चढवतो: कुणाकडून आली, कुणी घेतली, कोणत्या क्रमांकाने, किती वाजता. हॉप म्हणजे असा एक टप्पा, आणि हॉप मोजणं म्हणजे या ओळी मोजणं. मेल गोल गोल फिरतेय की खरोखरच लांबून आलीय, हे त्या मोजणीतून कळत नाही. ओळी फार झाल्या एवढंच सर्व्हर पाहतो आणि संशय घेऊन थांबतो. पुढचं निदान माणसाने करायचं असतं.

नेटवर्कची माणसंही ‘हॉप’ म्हणतात, पण तो वेगळा. राउटरमागून राउटर असे जे टप्पे ट्रेसराउट दाखवतं, त्यांचा या मोजणीशी काही संबंध नाही. मेल परत आल्यावर ट्रेसराउट लावून बसणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. सकाळ जाते आणि हाती काही लागत नाही.

मर्यादा प्रत्येक सर्व्हरची वेगळी असते. कुणी हात लावला नसेल तर सेंडमेल २५ वर थांबतो, एक्झिम ३० वर, पोस्टफिक्स ५० वर. एक्स्चेंजच्या रिसीव्ह कनेक्टरची मर्यादा ६० आहे, क्यूमेलची १००. जीमेल परत पाठवते तेव्हा ५० हॉप ओलांडले असं स्पष्ट लिहिते. २००८ साली आलेल्या आरएफसी ५३२१ मध्ये, जो मेल वाहून नेण्याचा आजचा मूळ नियम आहे, सल्ला असा आहे की ओळी मोजूनच फेरा ओळखायचा असेल तर मर्यादा मोठी ठेवा, साधारणपणे निदान १००. पण सगळे तो पाळत नाहीत. त्यामुळे वाटेत ज्याची मर्यादा सगळ्यांत कमी, तो आधी ओरडतो. याचा अर्थ नीट समजून घे: ज्याने मेल परत पाठवली तो दोषी असेलच असं नाही. मोजणी त्याच्यापाशी संपली, इतकंच. परतीच्या मेलमध्ये ‘रिपोर्टिंग-एमटीए’ म्हणून एक नाव असतं, ते परतीची मेल लिहिणाऱ्याचं; नकार पुढच्या सर्व्हरने दिला असेल तर त्या ओरडणाऱ्याचं नाव ‘रिमोट-एमटीए’मध्ये असतं. तिथून शोध सुरू होतो, संपत नाही. फोन करून त्याच्याशी भांडायला तर मुळीच जाऊ नकोस.

कोडही बघ. ५.४.६ असेल तर त्याचा ठरलेला अर्थ मार्गात फेरा सापडला असा. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरून बहुतेकदा ५.४.१४ येतो, सोबत ‘पॉसिबल मेल लूप’ असे शब्द. एक्झिम सांगतो की रिसीव्ह्डच्या ओळी फार झाल्या, फेऱ्याचा संशय आहे. सुरुवातीचा ५ म्हणजे कायमचा नकार. सर्व्हर पुन्हा प्रयत्न करणार नाही. त्यामुळे दुरुस्ती झाल्यावर पाठवणाऱ्याला ‘पुन्हा पाठवा’ असं सांगावं लागतं, मेल आपोआप येत नाही. हे सांगायचं राहून जातं आणि माणूस आठवडाभर उत्तराची वाट बघत बसतो.

आता वाचायचं कसं ते. परत आलेल्या मेलच्या पोटात मूळ मेलचं हेडर असतं. ते पूर्ण घे. स्क्रीनचा फोटो चालणार नाही, अर्धवट चिकटवलेलं चालणार नाही. ज्याच्याकडे मेल परत गेली त्याला ती जोडपत्र म्हणून पाठवायला सांग. नुसती फॉरवर्ड केली तर हेडर गळतं. मग रिसीव्ह्डच्या ओळी खालून वर वाच. सगळ्यांत खालची ओळ सर्वांत जुनी. प्रत्येक ओळीत ‘बाय’च्या पुढचं नाव म्हणजे ती ओळ लिहिणाऱ्याचं स्वतःचं. ‘फ्रॉम’च्या पुढचं पहिलं नाव समोरच्याने जे सांगितलं ते असतं, त्यावर लगेच विश्वास ठेवू नकोस, शेजारी कंसात जो आयपी पत्ता असतो तो सर्व्हरने स्वतः पाहिलेला असतो. मी कागद घेऊन फक्त ‘बाय’ची नावं एकाखाली एक लिहून काढतो. तीच दोन-तीन नावं आलटून पालटून येत राहिली तर तो फेरा. सगळी नावं वेगवेगळी असतील तर तो लांबचा रस्ता. शोधाचे दोन फाटे इथेच फुटतात, आणि फेऱ्यावरचा उपाय लांबच्या रस्त्याला लावला तर काही साधत नाही.

वेळाही वाच. आपल्याकडचे सर्व्हर बहुधा +०५३० लिहितात, परदेशातले वेगळे आकडे, कधी शून्य, कधी उणे. आधी सगळ्या वेळा एकाच घड्याळावर आणून मग अंतर काढ. दोन सर्व्हर थेट एकमेकांकडे ढकलत असतील तर डझनभर फेऱ्या काही सेकंदांत होतात. प्रत्येक फेरीत अगदी सारखं अंतर पडत असेल, समज दर पाच मिनिटांचं, तर मध्ये कुणीतरी ठरावीक वेळाने मेल ओढून आणणारा प्रोग्राम चालवतंय: एखादा फेचमेल, जुन्या मशीनवर कुणीतरी लावून विसरलेला. असा सुगावा सेटिंगच्या पानावर मिळत नाही, वेळेच्या रकान्यात मिळतो.

एका सर्व्हरवर एकच शिक्का पडेल असंही धरून चालू नकोस. व्हायरस तपासणीसाठी मेल आतल्या आत दुसऱ्या पोर्टवर देऊन परत घेतली जाते तेव्हा त्याच मशीनचे जास्तीचे शिक्के पडतात. हा फेरा नाही, ती तपासणीची वाट आहे. पण मोजणीत हे शिक्केही धरले जातात. प्रत्येक सर्व्हर दोन-दोन शिक्के मारत असेल आणि मेल दोघांत फिरत असेल, तर ५० ची मर्यादा बाराएक फेऱ्यांत संपते.

फेरा का पडतो? मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. दोन सर्व्हरपैकी प्रत्येकाला वाटतं की या पत्त्याचा धनी दुसरा आहे.

याचं साधं रूप म्हणजे दोन्हीकडून लावलेला फॉरवर्ड. बदली झालेल्या माणसाने आपली जुनी मेल नव्या पत्त्यावर वळवलेली असते. पुढे कधीतरी नव्या पत्त्यावरून जुन्यावर वळवायला कुणी सांगतं, आणि पहिला फॉरवर्ड काढायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. किंवा एखाद्या ग्रुपचा एक सदस्य असा असतो की त्याची मेल पुन्हा त्याच ग्रुपकडे वळते. हे शोधायला सोपं. पोस्टफिक्स आणि क्यूमेल पत्ता पोचवताना ‘डिलिव्हर्ड-टू’ अशी ओळ लिहितात आणि तोच पत्ता पुन्हा दिसला की दुसऱ्याच फेरीत थांबतात, हॉपची मर्यादा येईपर्यंत थांबत नाहीत.

अवघड रूप अर्ध्यावर आलेल्या स्थलांतराचं, आणि हल्ली तेच जास्त भेटतं. एका शिक्षणसंस्थेची मेल क्लाउडवर नेत होते. प्राध्यापक आधी गेले, कार्यालयीन कर्मचारी जुन्या सर्व्हरवरच राहिले. डोमेन एकच. क्लाउडमध्ये ते डोमेन ‘इंटर्नल रिले’ म्हणून नोंदवलं होतं, म्हणजे जो पत्ता इथे सापडणार नाही तो जुन्या सर्व्हरकडे पाठवा. ते बरोबरच होतं. पण जुन्या सर्व्हरवरही कुणीतरी तसाच नियम लावला होता: जो इथे नाही तो क्लाउडकडे. आता जो पत्ता दोन्हीकडे आहे किंवा एकीकडे आहे त्याचं काहीच बिघडत नाही. प्राचार्यांची मेल पोचते, कारकुनाची पोचते, चाचणीची मेल तर नेहमीच पोचते. जो पत्ता दोन्हीकडे नाही तोच तेवढा फिरत राहतो: निवृत्त झालेला शिक्षक, किंवा प्रवेश अर्जाच्या पत्त्यात एक अक्षर चुकवलेला विद्यार्थी. त्या मुलाला ‘असा पत्ता नाही’ असं सरळ उत्तर मिळायला हवं होतं, तर त्याने चूक लगेच दुरुस्त केली असती. त्याऐवजी हॉप आणि लूपची इंग्रजी भाषा त्याच्या हाती पडली. त्याने ती वाचून सोडून दिली तर त्याला काय दोष द्यायचा?

म्हणून तक्रार आली की विचार: सगळ्यांची मेल परत येतेय की ठरावीक पत्त्यांचीच? ठरावीक पत्त्यांचीच असेल तर आधी तो पत्ता खरोखर कुठे आहे का ते बघ. आणि स्थलांतर करताना दोघांपैकी एका सर्व्हरला शेवटचा शब्द दे. सगळे पत्ते क्लाउडला माहीत झाले की तिथे डोमेन ‘ऑथॉरिटेटिव्ह’ कर, म्हणजे नसलेल्या पत्त्याला तो तिथल्या तिथे नकार देईल. तोवर जुन्या सर्व्हरने नकार द्यायचा आणि पुढे काही ढकलायचं नाही. दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवायचं नाही.

तिसरं रूप एमएक्सचं, म्हणजे डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायची हे सांगणाऱ्या डीएनएसमधल्या नोंदीचं. डोमेनचा एमएक्स मेल गाळणाऱ्या सेवेकडे दाखवलेला असतो. सेवा कचरा काढून चांगली मेल तुमच्या सर्व्हरकडे देते. पण देताना तिने पुढचा सर्व्हर एमएक्स विचारूनच शोधला, तर उत्तर काय मिळणार? ती स्वतःच. पुढच्या सर्व्हरचं नाव तिथे हाताने लिहायचं, एमएक्स विचारू द्यायचा नाही. पोस्टफिक्समध्ये यजमानाचं नाव चौकोनी कंसात लिहिलं की तो एमएक्स शोधत नाही. त्या दोन कंसांवाचून अडलेली ठिकाणं मी पाहिली आहेत. याचाच भाऊ म्हणजे पोस्टफिक्सचा ‘लूप्स बॅक टू मायसेल्फ’ हा निरोप. तिथे मेल एकदाही फिरलेली नसते. एमएक्स त्या मशीनकडे बोट दाखवतो, पण हे डोमेन आपलं आहे असं मशीनला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून तो आधीच थांबतो. त्याच्या डोमेनच्या यादीत ते नाव घाल, काम झालं. आणि एमएक्स बदललास तर जुनं उत्तर टीटीएल, म्हणजे ते साठवून ठेवायची मुदत, संपेपर्यंत जगभरच्या डीएनएसमध्ये राहतं, हे लक्षात ठेव. बदलाच्या दोन दिवस आधी टीटीएल कमी करून ठेवावा. नाहीतर तू दुरुस्त केलेलं बरोबर असूनही मेल फिरतच राहते आणि तू बरोबर असलेलं पुन्हा बिघडवतेस.

आता ज्या फेऱ्याला ही मर्यादा पकडत नाही त्याबद्दल, कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. सुट्टीवर गेलेल्या दोन माणसांचे आपोआप उत्तर देणारे प्रोग्राम एकमेकांना उत्तरं देत बसले, तर प्रत्येक उत्तर ही नवीन मेल असते. तिचे शिक्के शून्यापासून सुरू होतात. मोजणी कधीच भरत नाही. म्हणून परतीच्या मेलचा पाठवणाऱ्याचा पत्ता रिकामा ठेवतात, म्हणजे तिला उत्तर जायला जागाच उरत नाही. २००४ च्या आरएफसी ३८३४ मध्ये ‘ऑटो-सबमिटेड’ ही ओळ ठरवून दिली आहे, ती ‘नो’ सोडून कुठल्याही मूल्याने ज्या मेलवर आहे तिला आपोआप उत्तर देऊ नये. तुमच्या कार्यालयात कुणी तक्रार निवारणाची प्रणाली आणली, ‘आपली मेल मिळाली’ असं आपोआप कळवणारी, तर ती या दोन्ही गोष्टी पाळते का हे विकत घेण्याआधी विचार. रिकाम्या पत्त्याला उत्तर देणारी प्रणाली घेऊ नका, मग ती कितीही स्वस्त असो.

आणि शिक्के पुसू देऊ नकोस. आतल्या सर्व्हरची नावं बाहेर दिसू नयेत म्हणून काही जण गेटवेवर रिसीव्ह्डच्या जुन्या ओळी काढून टाकतात. आरएफसी ५३२१ मध्ये याला स्पष्ट मनाई आहे: आधी पडलेली ओळ बदलायची नाही, काढायची नाही. ही मनाई शोभेची नाही. शिक्के पुसणारा गेटवे फेऱ्यात सापडला तर मोजणी प्रत्येक फेरीत मागे येते आणि मेल डिस्क भरेपर्यंत फिरते. त्या डिस्कवर बाकी सगळ्यांच्या मेलही असतात.

लांबचा रस्ता असेल तर मात्र आकडा वाढवायला हरकत नाही. विद्यापीठाची सूचना मेलिंग लिस्टवर जाते, तिथून महाविद्यालयाच्या पत्त्यावर, तिथून विभागाच्या, तिथून एखाद्या प्राध्यापकांच्या खासगी जीमेलवर, आणि प्रत्येक ठिकाणी तपासणीचे दोन-तीन शिक्के. अशा वाटेला सेंडमेलची २५ ची मर्यादा अपुरी पडू शकते. नावं सगळी वेगळी आहेत याची खात्री झाली की १०० पर्यंत ने, त्यापुढे नको. पण वाढवतेस तो आकडा तुझ्या सर्व्हरचा. पुढच्याची मर्यादा तुझ्या हातात नाही. म्हणून त्याआधी वाट छोटी करता येते का ते बघ. मधला विभागाचा फॉरवर्ड काढून लिस्टवर त्या प्राध्यापकांचा शेवटचा पत्ताच घातला तर अर्धे टप्पे जातात.

फेरा जोरात सुरू असेल, क्यू फुगत असेल, तर कारण शोधत बसू नकोस. आधी त्या पत्त्याच्या मेल होल्डवर टाक. पोस्टफिक्समध्ये ते सहज होतं आणि मेल नष्ट होत नाही. मग फेऱ्याचा एक दुवा तोड, एकच, आणि तोही तुझ्या बाजूचा. चाचणी करायला नेहमी खरी मेलच टाकावी लागते असंही नाही. एक्झिमला आणि सेंडमेलला मेल न पाठवता विचारता येतं की हा पत्ता आला तर तू तो कुठे देशील. ते उत्तर दोन्ही सर्व्हरवर घेऊन शेजारी ठेवलंस, की कोण कुणाकडे ढकलतोय ते दिसतं. मग एकच चाचणी मेल सोड, शिक्के वाच, ठीक असेल तर होल्डवरच्या मेल सोड.

समोरच्या बाजूला कळवायचं असेल तर फेऱ्यात अडकलेल्या पत्त्यावरून लिहू नकोस, ते त्यांच्यापर्यंत जाणारच नाही. वेगळ्या पत्त्यावरून लिही, पूर्ण हेडर जोड, आणि कोणत्या दोन ओळींत मेल उलटी वळली ते दाखव. नुसतं ‘तुमचा सर्व्हर बिघडलाय’ असं लिहिलेल्या पत्राला उत्तर येत नाही. दोन ओळींवर खूण केलेल्या पत्राला बहुधा त्याच दिवशी येतं.

फॉरवर्डची एक वही ठेव: कुणाची मेल कुठे वळवली, कुणाच्या सांगण्यावरून, कधीपर्यंत. फाइल चालेल, पण ‘कधीपर्यंत’चा रकाना रिकामा ठेवायचा नाही. बदली, निवृत्ती, बाळंतपणाची रजा, सगळ्या फॉरवर्डना शेवटची तारीख हवी, आणि महिन्यातून एकदा वहीतून जाऊन मुदत संपलेले काढून टाकायला हवेत.

आणि शेवटचं, हे आजच कर. ज्या डोमेनवर मेल येते त्या प्रत्येक डोमेनवर ‘पोस्टमास्टर’ हा पत्ता चालू असलाच पाहिजे, तो नियमच आहे. कितीतरी ठिकाणी तो कुणीच उघडत नाही, किंवा नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे वळवलेला असतो. तुझ्या संस्थेचा फेरा तुला दिसण्याआधी बाहेरच्या एखाद्या ॲडमिनला दिसतो आणि तो त्याच पत्त्यावर लिहितो. बाहेरच्या खात्यावरून तिथे एक मेल टाकून बघ कुणाच्या हाती पडते ते. कुणाच्याच पडत नसेल तर रोज सकाळी तो पत्ता उघडणारं माणूस नेम, आणि तसं माणूस मिळेपर्यंत तो तू स्वतः उघड.